घरचा पूल मिठाचा करायचाय: सेल, पंप आणि बाकीची भानगड

निळाई · २ मार्च

नमस्कार मंडळी,

चार वर्षांपूर्वी प्लेनोला (टेक्सास, डॅलसच्या उत्तरेला) घर घेतलं, त्याच्या मागे पूल आला. 'आला' असंच म्हणते, कारण आम्ही घर शाळेसाठी बघत होतो, पोहण्यासाठी नाही. १५,००० गॅलनचा, प्लास्टरचा, कडेला फ्लॅगस्टोन (फरशीसारखा चपटा दगड). पंप एकाच वेगाचा, दीड हॉर्सपॉवर. वाळूचा फिल्टर. क्लोरीनसाठी पाइपमध्येच बसवलेला गोळ्यांचा डबा.

गेल्या आठवड्यापासून पंप किंचाळतोय. बेअरिंग गेली म्हणे. म्हणजे खर्च ठरलेलाच. मग वाटलं, हात घातलाच आहे तर मिठाचा पूल करून टाकावा. लेकीचे डोळे लाल होतात, स्विमसूट दोन महिन्यांत विटतात आणि गॅरेजमध्ये गोळ्यांच्या बादलीचा वास येतो. क्लोरीनच नको झालंय आता.

एका कंपनीने घरी येऊन ७,८०० डॉलर सांगितले: सेल, नवा पंप, नवा फिल्टर आणि फोनवरून चालवायची सिस्टिम. माणूस पाणी न तपासताच गेला, ते मला खटकलं. कुणी स्वतः केलंय का? किती झंझट आहे?

सासूबाई पुण्याहून आल्यात. त्यांना बेत सांगितला तर म्हणाल्या, "बरं होईल, पाय शेकायला मिठाचं पाणीच लागतं."

मेसावाला · २ मार्च

सासूबाईंना नमस्कार. पण आधी एक गैरसमज दूर करतो. मिठाचा पूल म्हणजे क्लोरीनचाच पूल. फरक एवढाच की क्लोरीन बादलीतून न येता तुमच्याच पाइपमध्ये तयार होतं. ते बनवणाऱ्या डब्याला सेल म्हणतात. सेलमध्ये टायटॅनियमच्या पट्ट्या असतात, त्यांवर रुथेनियम-इरिडियमच्या ऑक्साइडचा पातळ लेप. मिठाचं पाणी त्यातून जाताना वीज सोडली की क्लोराइडचं क्लोरीन होतं. ते पाण्यात जंतू मारून पुन्हा क्लोराइड होतं, म्हणजे परत मीठ. मीठ संपत नाही, फिरत राहतं.

लेकीचे डोळे बहुधा क्लोरीन जास्त झाल्याने लाल होत नाहीत, कमी पडल्याने होतात. घाम वगैरेंशी जोडलं गेलेलं क्लोरीन पाण्यात साचलं की तो टिपिकल 'पूलचा वास' येतो आणि डोळे चुरचुरतात. चांगल्या सांभाळलेल्या पूलला वास जवळजवळ नसतोच.

आणि खारटपणाचं म्हणाल तर ३,००० ते ३,४०० पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात तेवढे भाग) लागतं. समुद्र ३५,००० च्या आसपास. आपले अश्रू ९,०००. म्हणजे दहाव्या हिश्श्याचा समुद्र. पाय शेकायला अपुरं :)

मुठाकाठ · २ मार्च

आमच्याकडे दोन दिवसांआड नळ येतो. वाचतोय.

निळाई · ३ मार्च

@मेसावाला, म्हणजे मी चार वर्षं उलटं समजत होते. वास आला की गोळ्या कमी करायचे!

मेसावाला · ३ मार्च

सगळेच करतात. आता गोळ्यांचं ऐका, कारण तुमचा पहिला प्रश्न मीठ हा नाहीच. त्या गोळ्या ट्रायक्लोरच्या. त्यातून १० पीपीएम क्लोरीन गेलं की सोबत ६ पीपीएम स्टॅबिलायझर (सायन्यूरिक अ‍ॅसिड) जातं. क्लोरीन खर्च होतं, स्टॅबिलायझर तिथेच. उन्हापासून क्लोरीन वाचवायला ते थोडं हवंच, पण अति झालं की क्लोरीनला बांधून ठेवतं. चार वर्षं नुसत्या गोळ्या म्हणजे तुमचा आकडा शंभराच्या वर असणार, पैज लावतो. कागदाच्या टेस्ट-पट्ट्यांनी तपासू नका, थेंबांचं किट घ्या. टेलरचं के-२००६ मी वापरतो, आणि मिठाचं त्यांचंच वेगळं किट मिळतं. शंभराच्या वर गेलं तर पूलचं पाणी अर्धं, नळाचं अर्धं करून तपासा आणि आकडा दुप्पट करा.

आजची मिठाची पातळीही मोजा. "आमच्या पूलमध्ये मीठ नाही" असं कुणी म्हणू नये. क्लोरीन कुठलंही घाला, शेवटी त्याचं क्लोराइडच होतं आणि ते वर्षानुवर्षं साठतं.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. २०१७ साली मी न मोजता सरळ शून्य धरून गोण्या ओतल्या. मशीन म्हणालं ४,९००. मेसामध्ये (अ‍ॅरिझोना) मे महिन्यात तिसरा हिस्सा पाणी उपसून परत भरलं. बायको खिडकीतून म्हणाली, "आमटीतसुद्धा मीठ घालताना आधी चाखतात."

पाना_पक्कड · ४ मार्च

ह्यूस्टनहून. मी दोन घरांत हे स्वतः केलंय, म्हणून यंत्रांचं मी सांगतो, रसायनांचं मेसावाले बघतील.

७,८०० ला नाही म्हणा. वाळूचा फिल्टर गळत नसेल, दाब ठीक असेल तर त्याला हात लावायचं कारण नाही. फोनवरची सिस्टिम चैन आहे, पुढे कधीही बसवता येते. खरा पैसा सेल आणि पंप या दोनच गोष्टींत घाला.

पंप: १९ जुलै २०२१ पासून इकडे केंद्राचा नियम आहे, तुमच्या आकाराचे एकाच वेगाचे पंप नव्याने मिळणं जवळजवळ बंदच झालं. म्हणजे बदलता वेग घ्यावाच लागणार, आणि घ्याच. गणित असं की वेग निम्मा केला की वीज निम्मी लागत नाही, आठवा हिस्सा लागते. प्रत्यक्षात थोडी जास्त, पण थोडीच. तुमचा जुना पंप ३,४५० आरपीएमला १.७ किलोवॅट तरी खात असेल. आठ तास चालला तर दिवसाला साडेतेरा युनिट. नवा १,६०० आरपीएमला सव्वादोनशे-अडीचशे वॅट घेतो. तो बारा तास चालवा, वर दोन तास जोरात चालवा पानं ओढायला, तरी साडेचार-पाच युनिटमध्ये भागतं. शिवाय शेजाऱ्यांना ऐकू येत नाही. माझ्या बायकोने पहिल्या दिवशी तीनदा जाऊन पाहिलं, चालू आहे ना म्हणून.

सेल: इथे कंजुषी नको. डब्यावर '१५,००० गॅलनसाठी' लिहिलंय म्हणून तेवढाच घेतलात तर टेक्सासच्या ऑगस्टमध्ये तो चोवीस तास धापा टाकेल. ४०,००० गॅलनचा घ्या. त्यातून दिवसाला साधारण १.४ पाउंड क्लोरीन निघतं. तुमच्या पाण्यात १ पाउंड म्हणजे ८ पीपीएम. म्हणजे पूर्ण क्षमतेने चोवीस तासांत ११ पीपीएम. उन्हाळ्यात रोज ४ लागतील. बारा तास, ७० टक्क्यांवर ठेवलात की झालं. सेलचं आयुष्य तासांत मोजतात, साधारण १०,००० तास. कमी टक्क्यांवर चालला की जास्त वर्षं टिकतो, म्हणून मोठा सेल शेवटी स्वस्तच पडतो.

निळाई · ४ मार्च

वाखूसा (वाचनखूण साठवली)! एक बाळबोध प्रश्न. सेल नेमका बसवायचा कुठे?

पाना_पक्कड · ४ मार्च

सगळ्यात शेवटी. पंप, फिल्टर, हीटर असेल तर हीटर, आणि मग सेल. उलट केलंत तर सेलचं ताजं जहाल क्लोरीन हीटरच्या तांब्यात जाईल. गोळ्यांचा डबा कापून काढा आणि त्या जागी सरळ पाइप. (त्या डब्यात कधीही कॅल हायपो, म्हणजे कॅल्शियमवालं क्लोरीन, घालू नका. ट्रायक्लोर आणि कॅल हायपो एकत्र आले की आग लागते, स्फोटही होतो. एकाच मापाने दोन्ही मोजणारे लोक मी पाहिलेत.)

आता वायरिंग. यूट्यूबवाले हे घाईत उरकतात. जुना पंप भिंतीवरच्या टायमरमधून चालतो. टायमर बंद, पंप बंद. नव्या पंपाचं घड्याळ त्याच्या पोटात असतं, म्हणून त्याला वीज कायम लागते, टायमरच्या आधीच्या वायरमधून. पण सेलला कायम वीज देऊन चालत नाही. पंप बंद आणि सेल चालू राहिला तर आत हायड्रोजन साठतो आणि सेल फुटू शकतो. पाणी वाहायचं थांबलं की सेल बंद करणारा फ्लो स्विच असतो, पण एकट्या फ्लो स्विचवर मी माझं घर सोपवणार नाही. सेल टायमरवर ठेवा आणि त्याची वेळ पंपाच्या वेळेच्या आत बसवा: पंप ८ ते ८, सेल सव्वाआठ ते पावणेआठ. किंवा पंपाच्या रिलेवरून (पंप चालू असेल तरच वीज सोडणारा स्विच) सेलला वीज द्या, ते जास्त चांगलं. २४० व्होल्टचं काम आहे, इलेक्ट्रिशियन बोलवा. पंपाच्या बॉडीला ती जाड तांब्याची उघडी बाँडिंग वायर (शॉक बसू नये म्हणून धातूचे भाग एकमेकांना जोडणारी) परत लावली का, हे तो जायच्या आधी डोळ्यांनी बघा.

सिडनीची_मावशी · ५ मार्च

आमच्याकडे गल्लीत ज्याच्याकडे पूल त्याच्याकडे मीठ, क्लोरीनच्या बादल्या मी दुकानातच पाहिल्या. पण दगडाचं विचारते. निळाई, तुझ्या कडेचा फ्लॅगस्टोन मऊ आहे का गं? नखाने खरवडून बघ. आमच्या आधीच्या घरी सँडस्टोन होता. पाणी उडायचं, सुकायचं, मीठ दगडाच्या छिद्रांत शिरून स्फटिक व्हायचे आणि वरचे पापुद्रे सुटायचे. दहा वर्षांत कड पार खडबडीत झाली. ग्रॅनाइट किंवा काँक्रीटला एवढं होत नाही.

निळाई · ५ मार्च

मावशी, नखाने नाही, पण किल्लीने भुकटी निघाली. :(

मेसावाला · ५ मार्च

यावर माझं मत थोडं वेगळं आहे. जुन्या क्लोरीनच्या पूलमध्येही हजार-दीड हजार पीपीएम मीठ असतंच, त्यामुळे सगळं पाप नव्या मिठाच्या माथी मारू नका. पण भुकटी निघत असेल तर आत भिनणारा सीलर लावा, दोन-तीन वर्षांनी परत लावा, आणि पोरं पोहून गेली की कडेवर साध्या पाण्याचा पाइप फिरवा. स्टीलची शिडी असेल तर तिचे सांधेही तपासत राहा.

निळाई · १४ मार्च

किट आलं. मेसावाले, पैज जिंकलात. स्टॅबिलायझर १३०! मीठ आत्ताच १,३००! पीएच ७.८, टोटल अल्कलिनिटी (पाण्याची अ‍ॅसिड पचवायची ताकद) १२०, कॅल्शियम ३२०.

मेसावाला · १४ मार्च

मग अर्धं पाणी बदला, दुसरा उपाय नाही. मिठाच्या पूलला स्टॅबिलायझर ६० ते ८० हवं, तुमचं बरोब्बर ६५ वर येईल. पूर्ण रिकामा मात्र करू नका. पाऊस झालेला असेल तर खालच्या पाण्याच्या दाबाने रिकामा पूल जमिनीतून वर उचलला जातो, आणि प्लास्टर उन्हात तडकतं ते वेगळंच.

मिठाचा हिशोब त्यानंतर: १,३०० चं ६५० होईल. हवं ३,२००. कमी पडतंय २,५५०. १५,००० गॅलन म्हणजे सव्वा लाख पाउंड पाणी, त्याचे दहा लाखांत २,५५० भाग म्हणजे ३१९ पाउंड. ४० पाउंडाच्या आठ गोण्या. सात ओता, एक दिवस थांबा, मोजा, मग आठवी.

अलिबागवाले · १५ मार्च

छान धागा. आमचं अलिबागजवळ छोटं फार्महाउस आहे, पूल साठ हजार लिटरचा. मिठाचा करायचं मनात आहे. लिटरमध्ये हिशोब कसा? आणि खरं सांगा, पेण-उरणकडच्या मिठागराचं जाडं मीठ चालेल का? पोत्याने मिळतं, स्वस्त.

मेसावाला · १५ मार्च

लिटरमध्ये तर तोंडी होतो: हजार लिटरला ३.२ किलो म्हणजे ३,२०० पीपीएम. तुम्हाला १९२ किलो, त्यातून आत्ता असलेलं वजा. मिठागराचं मीठ नको. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, माती, कधी लोह. लोहाने प्लास्टरवर तपकिरी डाग पडतात आणि कॅल्शियम सेलवर बसतं. स्वयंपाकाचंही नको, आयोडीन आणि मोकळं राहावं म्हणून घातलेली पावडर असते. ९९ टक्क्यांच्या वरचं शुद्ध, काही न मिसळलेलं मीठ घ्या.

मुठाकाठ · १५ मार्च

म्हणजे समुद्राकाठी राहून मीठ विकत आणायचं. कोकणाला शाप आहे.

निळाई · ३० मार्च

झालं एकदाचं! सेल १,६५०, पंप १,२५०, इलेक्ट्रिशियन ३५०, मीठ ७५. साडेतीन हजारांच्या आत सगळं. पाइप नवऱ्याने कापले आणि डिंक लावून एक कोपर उलटं जोडलं. ते पुन्हा कापून लावलं, पण त्यासाठी पाच इंच पाइपच उरला होता. पाना_पक्कडराव, 'दोन वेळा कोरडं जोडून बघा' असं आधी सांगायला हवं होतंत.

मीठ ओतताना सेल बंद ठेवला होता. गोण्या उथळ भागात रिकाम्या केल्या, ब्रशने पसरल्या. लेक आणि सासूबाई दोघींनी ब्रश धरला. सात गोण्यांनंतर २,९००, आठवीनंतर ३,२२०. सासूबाईंनी बोटाने चाखून "अळणी आहे" असा निकाल दिला.

पंपाचा आवाज खरंच येत नाही. मी दोनदा जाऊन पाहिलं.

पाना_पक्कड · ३० मार्च

तिसऱ्यांदाही जाल. आरपीएम हळूहळू खाली आणून सेलचा 'फ्लो नाही' दिवा कुठे लागतो बघा, मग त्याच्यावर दोनशे ठेवा. फिल्टर मळला की प्रवाह कमी होतो, तेवढी सोय हवी. आणि बॅकवॉशचं (फिल्टर उलटा धुतल्याचं) पाणी आता हिरवळीवर सोडू नका.

निळाई · १० मे

मदत! पूलमध्ये पांढरे पापुद्रे तरंगतायत, नखाएवढे. परतीच्या तोंडातून पंप सुरू झाला की भसकन येतात. सेल फुटला का?

मेसावाला · १० मे

सेल ठीक आहे. पीएच किती?

निळाई · १० मे

...८.४. तीन आठवडे तपासलं नव्हतं. क्लोरीन आपोआप होत होतं, पाणी काचेसारखं होतं, म्हणून.

मेसावाला · १० मे

मिठाच्या पूलमध्ये सगळे इथेच फसतात. सेलमध्ये हायड्रोजनचे बारीक बुडबुडे निघतात, ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात आणि पीएच वर चढत जातो. अल्कलिनिटी १२० असेल तर आणखी भराभर. वर तुमच्याकडचं पाणी कॅल्शियमवालं. पीएच चढला की पट्ट्यांवर चुना बसतो. सेल मधून मधून विजेची दिशा उलटवतो तेव्हा तो सुटून पापुद्रे होऊन बाहेर पडतो. म्हणजे सेल स्वतःला साफ करतोय, तुम्ही घाण करताय.

म्युरिअ‍ॅटिक (म्हणजे हायड्रोक्लोरिक) अ‍ॅसिड थोडं थोडं घालून पीएच ७.६ ला आणा. दर वेळी असंच करत गेलात की अल्कलिनिटी आपोआप उतरत जाईल. ती ६०-७० वर आली की तिथेच राहू द्या, बेकिंग सोडा घालून वर नेऊ नका. मग पीएच एवढा पळत नाही. आठवड्याला एकदा तपासायचंच.

सेल काढून आत पाहा. चुना दिसला तर चार भाग पाण्यात एक भाग अ‍ॅसिड, पाण्यातच अ‍ॅसिड घालायचं, उलट नाही. फेस थांबेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, लेप जाईल. आणि दिसला नाही तर धुऊच नका, प्रत्येक धुण्याने लेप झिजतो.

निळाई · १७ मे

पीएच ७.६, अल्कलिनिटी ९०, पापुद्रे गायब. सेलच्या कडांवर थोडा चुना होता, तो निघाला. आता दर रविवारी पोहे झाले की टेस्ट. लेक थेंब मोजते, गुलाबीचं रंगहीन झालं की ओरडते. डोळे लाल होणं थांबलंय. मीठ की नीट मोजणं, कशाने ते आता कळायचा मार्ग नाही.

अलिबागवाले · २ ऑक्टोबर

तुमच्या धाग्याच्या जिवावर एप्रिलमध्ये आम्हीही केलं. पण एक गोष्ट तुम्हा अमेरिकावाल्यांना ठाऊक नसणार. जूनमध्ये मीठ ३,२०० होतं. सप्टेंबरअखेर मोजलं तर ९००! गळती समजून प्लंबर बोलावला. त्याने पूलकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि चहा मागितला. चार महिन्यांत दोन मीटरच्या वर पाऊस, पूलची सरासरी खोली सव्वा मीटर. सगळं ओसंडून शेताच्या बांधाला गेलं. स्टॅबिलायझरही गेलं.

मेसावाला · २ ऑक्टोबर

हाहा! आमच्याकडे वर्षाचा पाऊस तुमच्या एका दुपारएवढा. उन्हाने पाणी उडतं, मीठ उडत नाही, त्यामुळे आमचा आकडा फक्त वर जातो. पुढच्या वर्षी जूनमध्ये सेल काढून घरात ठेवा, पावसाळाभर साधं लिक्विड क्लोरीन वापरा आणि मीठ दसऱ्यालाच घाला. मीठ फार कमी असताना सेल चालवलात तर पट्ट्या लवकर जातात.

अलिबागवाले · ३ ऑक्टोबर

तसंच करणार. विजेचाही खेळखंडोबा असतो तेव्हा.

निळाई · ११ डिसेंबर

सेलवर 'थंड पाणी' असा दिवा लागलाय आणि क्लोरीन बनत नाहीये. पाणी ५२ फॅरनहाइट.

पाना_पक्कड · ११ डिसेंबर

बरोबर आहे, या तापमानाला ते स्वतःहून थांबतात. थंड पाण्यात क्लोरीन फारसं खर्चही होत नाही. आठवड्याला थोडं लिक्विड क्लोरीन, मार्चमध्ये सेल परत. पंपाचं गोठण्यापासून बचावाचं सेटिंग मात्र आजच तपासा. आणि ते विजेवर चालतं हे विसरू नका. फेब्रुवारी २०२१ ला बर्फ पडलं, वीज गेली, पंप थांबले आणि आमच्या गल्लीत निम्म्यांचे पंप, फिल्टर, पाइप तडकले. वीज गेली आणि बाहेर गोठण्याच्या खाली असेल तर ब्रेकर पाडा, पंपाच्या आणि फिल्टरच्या तळाचे प्लग उघडा, सेल काढून घरात आणा. दहा मिनिटांचं काम. ते प्लग कुठे आहेत ते आज उजेडात बघून ठेवा, तेव्हा रात्र असेल.

निळाई · ११ डिसेंबर

बघून आले. पंपाला दोन, फिल्टरला एक. फिल्टरचा हाताने हलत नाहीये, नवरा पाना शोधतोय.